सुट्टीची फाईल अडते कुठे? रुग्णालयातल्या डिस्चार्जला लीन पद्धत लावताना

डॉक्टर सकाळी साडेदहाला ‘आज सुट्टी’ म्हणून जातात आणि रुग्ण संध्याकाळी पाचला रिक्षात बसतो. मधल्या वेळात नातेवाईक बिलिंगच्या खिडकीपाशी उभे असतात, सिस्टर फोनवर असतात आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा रुग्ण याच खाटेसाठी खोळंबलेला असतो. लीन पद्धत (कामातला खोळंबा आणि वाया जाणारे श्रम शोधून काढून टाकण्याची पद्धत) सुरू करणारी बरीच रुग्णालयं पहिल्या महिन्यात कपाटांना लेबलं लावतात, भिंतीवर फाइव्ह-एसचे (जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांचे) तक्ते चिकटवतात आणि सहा महिन्यांनी पाहतात तर डिस्चार्जचा वेळ जिथल्या तिथे. माणसांना घाई करून हा वेळ कमी होत नाही, कारण त्यातला मोठा भाग कुणाच्याच हातात नसलेल्या फायलीचा असतो.

हा लेख ५० ते १०० खाटांच्या खाजगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयासाठी आहे. एका वॉर्डाचं काम नीट केलं तर १० ते १२ आठवडे लागतात. टप्प्यांचा क्रम बदलू नका. मोजणी न करता थेट उपाय लावणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

## टप्पा १ : तयारी (पहिला आठवडा)

वॉर्ड एकच निवडा, मेडिसिन किंवा जनरल सर्जरीचा, २० ते ३० खाटांचा. आयसीयूपासून सुरुवात करू नका. तिथून रुग्ण बहुधा वॉर्डात जातो, थेट घरी फार थोडे जातात.

गटात सात माणसं घ्या: इन्चार्ज सिस्टर, आरएमओ (वॉर्डाचा निवासी डॉक्टर), बिलिंगचा एक जण, फार्मसिस्ट, टीपीए डेस्कचा (विम्याचे दावे पाहणाऱ्या टेबलाचा) एक जण, हाउसकीपिंगचा सुपरवायझर आणि एक कन्सल्टंट. कन्सल्टंट नसेल तर थांबा आणि आधी तो मिळवा. राउंडचा क्रम आणि सही या दोन गोष्टी त्याच्याशिवाय कुणालाही बदलता येत नाहीत.

व्यवस्थापनाकडून दोन गोष्टी लेखी घ्या. वाचलेल्या वेळामुळे कुणाची नोकरी जाणार नाही, आणि मोजलेल्या वेळांवरून कुणाला मेमो मिळणार नाही. हा कागद नसेल तर दुसऱ्या दिवसापासून फॉर्मवर खोट्या वेळा पडायला लागतात. त्यात कर्मचाऱ्यांचा दोष नसतो, ते स्वतःला वाचवत असतात.

सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हे लिहून ठरवा. एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) निर्देशकात कन्सल्टंटने डिस्चार्जला मान्यता दिली तो क्षण सुरुवातीचा आणि रुग्ण वॉर्डाबाहेर पडला तो शेवटचा धरला आहे. तोच धरा.

तपासा: वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ, बिलिंगचा संगणक आणि फार्मसीचा संगणक एकच वेळ दाखवतात का? पाच-सात मिनिटांचा फरक नेहमी सापडतो. मोजणीआधी सगळी घड्याळं जुळवून घ्या, नाहीतर फाईल निघायच्या आधीच पोचल्याची नोंद दिसेल.

## टप्पा २ : मोजणी (दुसरा आणि तिसरा आठवडा)

फायलीच्या पहिल्या पानावर रंगीत कागदाचा एक फॉर्म लावा. त्यावर नऊ वेळा लिहायच्या: सुट्टी सांगितली, समरी (आजार आणि उपचारांचा सारांश असलेला सुट्टीचा कागद) लिहायला घेतली, समरीवर सही झाली, औषधं परत गेली, फार्मसीचा हिशेब मिटला, अंतिम बिल तयार झालं, पैसे भरले किंवा मंजुरी आली, रुग्ण खाटेवरून निघाला, खाट पुढच्या रुग्णासाठी तयार झाली.

किमान ३० फायली मोजा. त्यांत रोखीने भरणारे १० तरी आणि कॅशलेसवाले (ज्यांचं बिल विमा कंपनी परस्पर भरते ते) १० तरी असावेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतले रुग्ण असतील तर त्यांची मोजणी वेगळी ठेवा. तिन्ही वाटा वेगळ्या आहेत, एकत्र केल्या तर काहीच कळणार नाही. दोन आठवडे पूर्ण घ्या, म्हणजे दोन रविवार आणि दोन सोमवार त्यात येतील.

सरासरीवर विसंबू नका. ३० फायली कमीपासून जास्तीकडे लावा. पंधराव्या आणि सोळाव्याच्या मधला वेळ हा मध्यक, आणि सत्ताविसाव्या फायलीचा वेळ म्हणजे दहांतल्या नऊ रुग्णांना जास्तीत जास्त किती लागला तो आकडा. तक्रारी त्या पलीकडच्या तिघांकडून येतात.

सावध: पहिली वेळ संगणकातून घेऊ नका. संगणकात ‘डिस्चार्ज मार्क’ बऱ्याचदा बिलिंगवाले दुपारी एकला करतात; तोवर रुग्णाचे अडीच तास गेलेले असतात आणि अहवालात ते दिसतच नाहीत. तसंच ड्यूटी संपताना सगळ्या वेळा एकदम भरलेला फॉर्म बाद करा. ओळखायला सोपा असतो: सगळ्या वेळा ५ किंवा ० वर संपतात आणि शाई एकाच पेनाची असते.

## टप्पा ३ : फायलीबरोबर चाला

आता संगणक बाजूला ठेवा. दोघांनी मिळून पाच फायलींबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहायचं. फाईल ट्रेमध्ये पडली तर ट्रेपाशी थांबायचं, वॉर्डबॉय मामांच्या हातात दुसऱ्या मजल्यावर गेली तर त्यांच्यामागे जायचं. मीटिंगमध्ये बसून काढलेला नकाशा नियमावलीतला असतो, प्रत्यक्षातला हमखास वेगळा निघतो.

प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा, आधी खोळंबा आणि मग प्रत्यक्ष काम. रोखीने पैसे भरणाऱ्या एका रुग्णाचं उदाहरण म्हणून गणित घेऊ (मिनिटांत):

- समरी लिहिणं: खोळंबा ७०, काम २५
- कन्सल्टंटची सही: खोळंबा ५५, काम ३
- औषधं परत करणं: खोळंबा ३०, काम १५
- फार्मसीचा हिशेब: खोळंबा २५, काम १०
- अंतिम बिल: खोळंबा ४०, काम १५
- पैसे भरणं: खोळंबा २०, काम ५
- कॅन्युला (सलाईनसाठी हातात बसवलेली नळी) काढणं, औषधं समजावणं: खोळंबा १५, काम १२

काम ८५ मिनिटांचं, खोळंबा २५५ मिनिटांचा, एकूण ५ तास ४० मिनिटं. सगळ्यांनी दुप्पट वेगाने काम केलं, तरी वाचतील फक्त ४२ मिनिटं. खोळंबा निम्मा केला तर दोन तासांहून जास्त वाचतात. हा हिशेब गटातल्या प्रत्येकाला फळ्यावर मांडून दाखवा. ‘बिलिंगवाले ढिले आहेत’ या चर्चा त्या दिवशी थांबतात.

याच फेरीत आणखी एक गोष्ट नोंदवा. पुढच्या टेबलावर फाईल परिपूर्ण गेली, की काहीतरी विचारायला फोन करावा लागला? समजा १०० पैकी ९० समऱ्या बरोबर होत्या, ८० वेळा औषधांची नोंद जुळली आणि ७० बिलं एका फटक्यात झाली. एकही हेलपाटा न पडता शेवटपर्यंत पोचणाऱ्या फायली किती? ०.९ × ०.८ × ०.७ म्हणजे जेमतेम ५०. उरलेल्या निम्म्या फायली कुठे ना कुठे मागे फिरतात.

## टप्पा ४ : भार आणि ताकद यांचं गणित

समजा दिवसाला १२ सुट्ट्या आहेत, त्या सगळ्या अकरा ते दोन या वेळात हव्या आहेत आणि आरएमओ एक आहे. एका समरीला २५ मिनिटं धरली तर १२ समऱ्यांना ३०० मिनिटं लागतात. अकरा ते दोन मध्ये मिनिटं १८० आहेत आणि त्यातच नवे ॲडमिशन, ड्रेसिंग, फोन. कितीही रागावलं तरी हे जमणार नाही. इथे एक तर काम पुढे-मागे सरकवावं लागेल, नाहीतर समरी लिहिण्याचा सकाळचा वेळ २५ वरून ५-७ मिनिटांवर आणावा लागेल. पुढचा टप्पा दोन्ही करतो.

सावध: याच वेळी कुणीतरी सुचवतं की फायली पळवायला एक ‘डिस्चार्ज को-ऑर्डिनेटर’ नेमू. आत्ता नको. फाईल का अडते हे त्याच्या धावपळीआड लपून जातं, आणि तो रजेवर गेला की सगळं मूळपदावर येतं. नवं सॉफ्टवेअरही आत्ता घेऊ नका. चुकीचा क्रम संगणकात घातला की तो बदलणं आणखी अवघड होतं.

## टप्पा ५ : आदल्या संध्याकाळी अर्धं काम संपवा

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ वाचतो तो इथे, म्हणून याला सर्वांत जास्त मेहनत द्या.

अपेक्षित तारीख. ॲडमिशनच्या दिवशीच फायलीवर सुट्टीची अंदाजे तारीख पेन्सिलने लिहा आणि रोजच्या राउंडला ती तपासा. चुकली तरी चालेल, रिकामी नको.

दुपारी ४ ची यादी. इन्चार्ज सिस्टर आणि आरएमओ मिळून उद्याची यादी करतात. हिरवे म्हणजे जवळपास नक्की. पिवळे म्हणजे एखाद्या गोष्टीवर अवलंबून, आणि ती गोष्ट नावानिशी लिहायची: ‘सकाळचं सोडियम’, ‘ड्रेन काढणं’, ‘फिजिशियनचं मत’. नुसतं ‘बघू’ लिहिलेलं चालणार नाही. पिवळ्या रुग्णाचा सकाळचा नमुना पहाटे ५–६ ला घ्यायचा आणि लॅबला आधी सांगून ठेवायचं. पुष्कळ पिवळे इथेच अडकतात: नमुना आठला जातो, रिपोर्ट साडेअकराला येतो आणि तोवर कन्सल्टंट ओपीडीत बसलेले असतात.

समरीचा मसुदा, रात्री ८ पर्यंत. हिरव्या रुग्णांची समरी शेवटच्या दिवसाची स्थिती आणि घरी न्यायची औषधं सोडून पूर्ण करा. शक्य तिथे ॲडमिशनच्या दिवशीच लिहायला घ्या आणि रोज दोन ओळी वाढवा.

सावध: जुन्या रुग्णाची समरी उघडून तीवर लिहायची सवय बंद करा. त्यामुळे उजव्याऐवजी डावा पाय, किंवा दुसऱ्याच रुग्णाची ॲलर्जी, अशा चुका सहीपर्यंत पोचतात. कोरा साचा वापरा, वर ‘मसुदा’ लिहा आणि सहीपूर्वी रुग्णाच्या हातात देऊ नका.

औषधं. परत करायच्या औषधांची यादी ३० ओळींची का होते, हे पाच वेळा ‘का’ विचारून शोधा. उत्तर बहुधा वॉर्डातल्या मागणीत सापडतं: तीन दिवसांची औषधं एकदम मागवतात, कारण रात्री फार्मसीतून लवकर येत नाहीत. तर मग मागणी २४ तासांचीच ठेवा आणि रात्री लागणाऱ्या तातडीच्या औषधांचा छोटा साठा वॉर्डात मोजून ठेवा. परतीची यादी आपोआप आटते. हिरव्या रुग्णांची उरलेली औषधं संध्याकाळीच परत करा. रात्रीचे आणि सकाळचे डोस मात्र ठेवून. फ्रिजमध्ये ठेवायची औषधं, उदाहरणार्थ इन्सुलिन, तापमानाची खात्री नसेल तर परत साठ्यात घालू नका.

बिल. रोज रात्री १० पर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी पूर्ण: व्हिजिट, ऑक्सिजनचे तास, ड्रेसिंग, बाहेरून आलेले तज्ज्ञ, एक्स-रे. सकाळी फक्त शेवटच्या दिवसाची भर पडायला हवी.

नातेवाईक. संध्याकाळी त्यांना चार गोष्टी सांगा: उद्या अंदाजे किती वाजता, अंदाजे किती रक्कम, विम्यात न बसणारे खर्च कोणते, आणि न्यायला कोण आणि कशाने येणार. गावाहून गाडी यायला तीन तास लागत असतील तर ते आत्ताच कळायला हवं. सुट्टी नक्की नाही, सकाळच्या तपासणीवर आहे, हेही स्पष्ट सांगा. रक्कम ऐनवेळी कळल्यावर पैशांची जमवाजमव करायला निघालेल्या माणसाला आपण ‘उशीर केला’ म्हणतो, तो अन्याय आहे.

तपासा, रात्री ९: प्रत्येक हिरव्या फायलीत मसुदा आहे? परतीची औषधं गेली? नातेवाइकांशी बोलणं झालं? तिन्हीला ‘हो’ नसेल तर ती फाईल हिरवी नाही.

## टप्पा ६ : सकाळचा क्रम

राउंड नेहमीप्रमाणे पहिल्या खाटेपासून सुरू करू नका. आधी गंभीर रुग्ण, मग हिरवे, मग पिवळे, मग बाकीचे. गंभीर रुग्णांच्या पुढे सुट्टीवाल्यांना कधीही घेऊ नका.

गठ्ठा करू नका. १५ रुग्णांचा राउंड ९० मिनिटं चालतो आणि तो संपल्यावर सगळ्या फायली एकदम खाली जातात. मग पहिल्या रुग्णाची फाईल विनाकारण तासभराहून जास्त पडून राहिलेली असते आणि बिलिंगकडे एकदम सहा फायली आदळतात. खाटेपाशीच मसुद्यात शेवटची स्थिती आणि औषधं लिहा, तिथेच सही घ्या, फाईल लगेच पुढे. एकेक. सहीसाठी ओपीडीबाहेर किंवा ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटी) थांबण्याचा जो खोळंबा टप्पा ३ मध्ये दिसला, तो इथे संपतो.

सही होताच तीन कामं एकाच वेळी सुरू व्हावीत: बिलिंगमध्ये शेवटच्या दिवसाची नोंद, फार्मसीत घरी न्यायच्या औषधांची तयारी, वॉर्डात कॅन्युला काढणं आणि माहिती देणं. एकामागून एक करण्याचं कारण विचारलं तर ‘पूर्वीपासून असंच’ एवढंच उत्तर मिळतं.

## टप्पा ७ : कॅशलेस फायली

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार, डिस्चार्जसाठीची अंतिम मंजुरी विमा कंपनीने रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यासाठी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. पण घड्याळ विनंती मिळाल्यापासून चालतं. आपल्याकडून फाईल दोनला गेली तर आधीचे तास आपलेच. म्हणून विनंती पाठवल्याची वेळ रोज नोंदवा.

दुसरा खोळंबा क्वेरीचा, म्हणजे विमा कंपनीने फायलीवर काढलेल्या शंकेचा. मागच्या २० क्वेऱ्या काढून कारणांप्रमाणे मोजा. नेहमी सापडणारी कारणं अशी: समरीतलं निदान पूर्वमंजुरीतल्या निदानाशी जुळत नाही, मधुमेह किंवा रक्तदाब किती वर्षांपासून हे एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच, तपासण्यांचं बिल आहे पण रिपोर्ट जोडलेला नाही, इम्प्लांटचा स्टिकर किंवा त्याचं बिल नाही, औषधांच्या बिलाचा तपशील नाही, डॉक्टरांचा शिक्का राहिला. यांतल्या तुमच्याकडच्या वरच्या आठ कारणांची यादी करा. आठहून जास्त नको. २५ मुद्द्यांची यादी न वाचताच टिक होते.

ही यादी वॉर्डात आणि ओटीत तपासली गेली पाहिजे, टीपीए डेस्कवर नव्हे. स्टिकर ऑपरेशनच्या दिवशीच फायलीत चिकटतो. चार दिवसांनी तो कचऱ्यात शोधावा लागतो. आजाराची वर्षं ॲडमिशनच्या वेळी एकदाच, नीट विचारून, जशी आहेत तशी लिहा. क्वेरी टाळण्यासाठी इतिहास बदलणं हा गुन्हा आहे आणि त्यात रुग्णाचा दावाही बुडतो.

योजनेच्या रुग्णांसाठी दुपारी ४ ची यादी आरोग्यमित्रांनाही (योजनेचं काम पाहणाऱ्या रुग्णालयातल्या प्रतिनिधींना) द्या.

## टप्पा ८ : इथे वेळ कापायचा नाही

वर जे काही वाचवलं, त्यातली काही मिनिटं इथे खर्च करा. निघण्यापूर्वी नाडी, रक्तदाब, तापमान यांची ताजी नोंद. कॅन्युला काढल्याची नोंद. हातात कॅन्युला घेऊन घरी गेलेला रुग्ण ही खरी घडणारी चूक आहे. कल्चर किंवा बायॉप्सीसारखा रिपोर्ट यायचा असेल तर समरीत तसं लिहा आणि तो आल्यावर कोण फोन करणार त्याचं नाव लिहा.

औषधं समजावताना जुन्या गोळ्यांचं काय, हे आधी सांगा. घरी दुसऱ्या कंपनीच्या नावाची तीच गोळी असते आणि रुग्ण दोन्ही घेतो. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत रुग्णाकडून किंवा घरच्यांकडून परत वदवून घ्या: ‘काकू, सकाळी किती युनिट घेणार? जेवला नाहीत तर काय कराल?’ नुसतं ‘समजलं का?’ विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं.

## टप्पा ९ : खाट तयार होईपर्यंत

रुग्ण निघताना वॉर्डातून हाउसकीपिंगला एकच फोन जावा. रुग्ण खाटेवर असताना मावशींनी चादर ओढायला घेणं अपमानास्पद आहे. तसं होऊ देऊ नका. आधी पुसून स्वच्छता, मग जंतुनाशक, आणि जंतुनाशक बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहिलं पाहिजे. खालून फोन आला म्हणून तो वेळ कमी करायचा नाही.

## टप्पा १० : फळा, दहा मिनिटांची बैठक आणि चाचणी

नर्सिंग स्टेशनमागे एक पांढरा फळा: खाट क्रमांक, रंग, कशावर अडलंय, कुणाकडे. रुग्णाचं नाव आणि आजार फळ्यावर लिहू नका, येणारा-जाणारा वाचतो. सकाळी साडेआठला गटाने फळ्यासमोर उभ्यानेच दहा मिनिटं बोलायचं. प्रश्न दोनच: काल कोणती फाईल का अडली, आणि आज कोणती अडणार.

बदल एका वेळी एकच लावा आणि दोन आठवडे चालवा. आधी संध्याकाळची यादी, मग राउंडचा क्रम, मग कॅशलेसची तपासयादी. सगळं सोमवारी एकदम सुरू केलं तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही, आणि गोंधळ झाला तर सगळंच मागे घ्यावं लागेल.

‘अकराच्या आत सुट्टी’ असं एकच उद्दिष्ट लावू नका. त्याचा परिणाम असा होतो की संध्याकाळी घरी जाऊ शकणारा रुग्ण दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवला जातो; आकडा सुंदर दिसतो आणि रुग्णाला एका रात्रीचा खर्च पडतो. मध्यक आणि सत्ताविसाव्या फायलीचा वेळ पाहा, आणि सोबत तीन आकडे ठेवा: ३० दिवसांत पुन्हा भरती झालेले रुग्ण, सुट्टीनंतर औषधांबद्दल विचारायला आलेले फोन, आणि समरीत नंतर कराव्या लागलेल्या दुरुस्त्या. वेळ कमी होऊन यांपैकी एकही वाढत असेल तर शेवटचा बदल थांबवा आणि टप्पा ८ पुन्हा तपासा.

तिन्ही बदल चालवून झाले की पुन्हा ३० फायली त्याच फॉर्मवर मोजा. जे टिकलं ते एका पानावर लिहा: कोण, किती वाजता, काय. रात्रपाळीच्या सिस्टरना ते वाचून एकट्याने करता आलं पाहिजे. न आल्यास पान बदला. दुसऱ्या वॉर्डात जाताना हे पान तसंच डकवू नका. तिथे मोजणी टप्पा २ पासून नव्याने करा. सर्जरी वॉर्डात फाईल सहीसाठी अडत असेल, तर मेडिसिनमध्ये ती सकाळच्या रिपोर्टसाठी अडलेली सापडू शकते.